चाळीसचा हट्ट

करोनाच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत एक चिमटा आला. बोटाला लावायचा, आकडा वाचायचा, ९४ च्या खाली गेला की गाडी काढायची. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांवर बसलेली माणसे आजही डॉक्टर बाहेर आला की पहिला प्रश्न तोच विचारतात : सॅच्युरेशन किती? ऑक्सिजनबद्दल एवढे लोकशिक्षण आधी कधी झाले नसेल. पण श्वासाची कामे दोन. ऑक्सिजन आत आणायचा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. या दुसऱ्या कामाची चौकशी कोणी करत नाही. नातेवाईक करत नाहीत हे समजू शकते, पण रात्रपाळीचे निवासी डॉक्टरही पुष्कळदा करत नाहीत. बोटावरच्या चिमट्याला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. उलट, नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर रुग्णाचा श्वास मंदावत जाऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड दुपटीवर गेला तरी चिमटा खुशाल ९७ दाखवत राहतो.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड किती असावा, आणि तो कमीजास्त राहिल्याने रुग्णाच्या जगण्यामरण्यात फरक पडतो का, हा या पुस्तकाचा विषय आहे. वरवर पाहता तो अगदी कोपऱ्यातला वाटेल. प्रत्यक्षात अतिदक्षता वैद्यक नावाची शाखाच या प्रश्नातून उभी राहिली, आणि सत्तर वर्षांनंतरही त्यावरचा वाद मिटलेला नाही.

आधी थोडे शरीरशास्त्र. विश्रांती घेत असलेले प्रौढ शरीर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करते. तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि उच्छ्वासातून जातो. धमनीच्या रक्तातला त्याचा दाब निरोगी माणसात ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. सोयीसाठी आपण ४० म्हणतो. हा आकडा दोनच गोष्टींवर ठरतो : शरीर किती वायू तयार करते आणि वायुकोशांपर्यंत किती हवा प्रत्यक्षात पोचते. यातला ‘प्रत्यक्षात’ हा शब्द महत्त्वाचा. श्वासनलिकेत, व्हेंटिलेटरच्या नळ्यांत आणि रक्तपुरवठा नसलेल्या वायुकोशांत फिरून आलेली हवा फुकट जाते. तिला डेड स्पेस म्हणतात. ताप चढला, रुग्ण थरथरू लागला, तर पहिली बाजू वाढते; फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजल्या तर दुसरी ढासळते. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर मात्र दोन्हींचा आकडा सारखाच, समजा ६२.

स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकाच्या मध्याला हा वायू वेगळा ओळखला. १९०४ मध्ये ख्रिश्चन बोहर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त ऑक्सिजन सहज सोडते हे दाखवले, तर १९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी श्वासाचा वेग मुख्यत्वे याच वायूच्या पातळीवर चालतो हे सिद्ध केले. म्हणजे शरीराच्या दृष्टीने हा नुसता कचरा नव्हे. श्वासाचा लगाम त्याच्या हाती आहे, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचाही. हे सारे प्रयोगशाळेत माहीत होते. रुग्णाच्या खाटेपाशी ते पोचायला मात्र एक साथ यावी लागली.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओ पसरला. ब्लेगडॅम रुग्णालयात रोज नवी मुले येत होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी तिथे छाती बाहेरून हलवणारी मोजकी यंत्रे होती. पहिल्या काही आठवड्यांत ज्या ३१ रुग्णांना या यंत्रांवर ठेवले त्यांतले २७ गेले. मुले मरताना निळी पडत नव्हती, कारण त्यांना ऑक्सिजन मिळत होता. त्यांना दरदरून घाम फुटे, रक्तदाब चढे, शुद्ध हरपे आणि शेवट होई. रक्ततपासणीत बायकार्बोनेट वाढलेले दिसे. त्यावरून डॉक्टरांनी निष्कर्ष काढला होता की रक्त अल्कलीकडे झुकले आहे, का ते कळत नाही, बहुधा विषाणूचाच परिणाम.

विभागप्रमुख लासेन यांनी ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावले. इब्सेनने शस्त्रक्रियेच्या टेबलावर अपुऱ्या श्वासाचे परिणाम पाहिलेले होते : असाच घाम, असाच चढता रक्तदाब. त्याने सांगितले की हा वाढलेला आकडा साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आहे, मुले गुदमरत आहेत. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली आणि इब्सेनने रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरायला सुरुवात केली. पिशवी दाबताना मुलगी सुधारे. पुन्हा जुन्या यंत्रावर ठेवली की बिघडे. प्रयोगशाळेचे प्रमुख पौल आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएच मोजला तेव्हा रक्त आम्लधर्मी निघाले. वाद तिथेच संपला. पुढचे काही महिने सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. ऐन भरात एकाच वेळी ७० रुग्ण असे हातांवर जगत होते. मृत्युदर निम्म्याहून खाली आला. असे रुग्ण एका ठिकाणी, चोवीस तास नजरेखाली ठेवायचे, ही अतिदक्षता विभागाची कल्पना तिथून निघाली.

या घटनेचा वारसा दुहेरी आहे. साचलेला कार्बन डायऑक्साइड मारतो, हा धडा वैद्यकाने पक्का गिरवला. त्याच्याच पोटातून निघालेला उपसिद्धांत मात्र कोणी तपासून पाहिला नाही : तो साचू द्यायचाच नाही, कोणत्याही किमतीवर ४० वर आणायचा. पोलिओच्या मुलांची फुप्फुसे धडधाकट होती, बिघडले होते ते स्नायू. धडधाकट फुप्फुसात हवा भरण्याची किंमत फारशी नसते. पुढच्या पिढीचे रुग्ण तसे नव्हते.

मधल्या काळात मोजणे सोपे झाले. १९५४ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टो याने कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, जॉन सेव्हरिंगहाऊसने ती सुधारली आणि लेलंड क्लार्कच्या ऑक्सिजन इलेक्ट्रोडशी जोडून रक्तवायू तपासणीचे यंत्र उभे केले. आज ज्याला सगळे एबीजी म्हणतात ती चिठ्ठी तिथून सुरू झाली. आकडा हाताशी आला की त्याला दुरुस्त करण्याचा मोह आवरत नाही. त्यात १९६३ मध्ये बेंडिक्सन आणि सहकाऱ्यांनी भुलेखाली लहान श्वास दिल्यास फुप्फुसाचे भाग मिटतात असे दाखवले, आणि मोठ्या श्वासांची चाल पडली. किलोमागे १०, १२, क्वचित १५ मिलिलिटर. चिठ्ठीवर सुरेख ४० येई.

१९६७ मध्ये अ‍ॅशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये बारा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांची फुप्फुसे एकाएकी पाणावून ताठ झाली होती. आज या आजाराला आपण एआरडीएस म्हणतो. १९७४ मध्ये वेब आणि टिअर्नी यांनी उंदरांच्या निरोगी फुप्फुसांत जास्त दाबाने हवा भरली आणि ती फुप्फुसे तासाभरात सुजलेली दाखवली. सीटी स्कॅन आल्यावर इटलीच्या गॅटिनोनींनी आणखी एक गोष्ट नजरेस आणली : एआरडीएसच्या मोठ्या माणसात हवा घेऊ शकणारा भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरलेला असतो. त्या चिमुकल्या भागात आपण सातशे-आठशे मिलिलिटर कोंबत होतो, कशासाठी, तर ४० साठी.

हट्ट सोडण्याचे पहिले धाडस दम्याच्या रुग्णांत झाले. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या दारिओली आणि पेरे यांनी तीव्र दम्यात मुद्दाम कमी हवा दिली, कार्बन डायऑक्साइड चढू दिला, आणि त्यांचे रुग्ण वाचले. १९९० मध्ये न्यूझीलंडच्या हिकलिंगने एआरडीएसमध्ये तेच केले. ५० रुग्णांत मृत्यू १६ टक्के, अंदाज होता जवळपास ४० टक्क्यांचा. तुलनेचा गट नव्हता, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. या पंथाला ‘परमिसिव्ह हायपरकॅप्निया’ असे भारदस्त नाव मिळाले. त्याचा अर्थ इतकाच की वाढ चालवून घ्यायची, कारण ती टाळण्याची किंमत जास्त आहे.

मग २००० साल आणि एआरडीएस नेटवर्कची गाजलेली चाचणी. ८६१ रुग्ण, एका गटाला किलोमागे १२ मिलिलिटरचे श्वास, दुसऱ्याला ६ चे. मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर. या चाचणीचा दाखला देऊन आजही वॉर्डात सांगितले जाते की वाढलेला कार्बन डायऑक्साइड निरुपद्रवी असतो हे सिद्ध झाले आहे. तसे काही सिद्ध झालेले नाही. त्या चाचणीत लहान श्वासांच्या गटाला मिनिटाला ३५ पर्यंत श्वास देण्याची मुभा होती, आणि पहिल्या दिवशी त्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड होता ४०. दुसऱ्या गटाचा ३५. म्हणजे फायदा झाला तो लहान श्वासांचा. कार्बन डायऑक्साइड ७० किंवा ८० वर नेण्याचा प्रयोग तिथे झालेलाच नव्हता. गाजलेले निबंध मुळातून वाचणारे कमी आणि सारांशावर विसंबणारे फार, ही आपल्या धंद्यातली जुनी खोड आहे.

पुढच्या टप्प्यावर काहींनी एक पाऊल पुढे टाकले. टोरंटोच्या कॅव्हनॉ आणि लाफी यांनी विचारले, हा वायू चालवून का घ्यायचा, औषध म्हणून का द्यायचा नाही? प्राण्यांच्या प्रयोगांत आम्लता वाढलेल्या फुप्फुसांची इजा कमी दिसत होती. २००६ मध्ये क्रेगनाउ आणि सहकाऱ्यांनी वरच्याच चाचणीची आकडेवारी पुन्हा चाळली, तेव्हा १२ मिलिलिटरच्या गटातले वाढत्या कार्बन डायऑक्साइडचे रुग्ण जास्त जगलेले आढळले. पण प्राण्यांतच दुसरी बाजूही दिसू लागली. हा वायू पांढऱ्या पेशींचा जोर कमी करतो. सुजेत ते बरे, न्यूमोनियात ते महागात पडते. वायुकोशातले पाणी निचरणे त्याने मंदावते. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळल्याने हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. फ्रान्समधल्या २०१६ च्या एका अभ्यासात एआरडीएसमध्ये उजवे हृदय थकण्याच्या धोक्याच्या चार खुणांमध्ये ४८ किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड ही एक निघाली.

२०१७ साली दोन मोठे निरीक्षणात्मक अभ्यास आले आणि वारा फिरला. निन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या १,८९९ एआरडीएस रुग्णांत पहिल्या दोन दिवसांत ५० च्या वर गेलेल्यांचा मृत्युदर जास्त असल्याचे नोंदवले. तिरुवैपती आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अडीच लाखांहून अधिक व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तिथेही वाढ आणि मृत्यू हातात हात घालून चाललेले. पण हातात हात असणे म्हणजे एकाने दुसऱ्याला ओढत नेणे नव्हे. ज्याचे फुप्फुस जास्त उद्ध्वस्त, त्याचा डेड स्पेस जास्त, म्हणून कार्बन डायऑक्साइड जास्त. २००२ मध्येच नकटन आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की एआरडीएसमध्ये डेड स्पेस जितका मोठा तितका मृत्यूचा धोका मोठा. मग चिठ्ठीवरचा ६२ हा मारेकरी की वर्दी देणारा? आकडेवारीच्या कितीही कसरती केल्या तरी नुसत्या नोंदींतून याचे उत्तर निघत नाही, असे माझे मत आहे, आणि या पुस्तकाच्या लेखकांचेही.

उत्तर शोधण्याचा एक मार्ग म्हणजे लहान श्वास कायम ठेवून जादा वायू यंत्राने रक्तातून काढून टाकायचा. गॅटिनोनी आणि कोलोबो यांनी हे १९८० च्या सुमारास सुरू केले होते. नव्या, आटोपशीर यंत्रांनी ते पुन्हा मूळ धरू लागले. ब्रिटनमधल्या ‘रेस्ट’ या चाचणीत ४१२ रुग्ण घेतल्यावर ती लवकर थांबवावी लागली. नव्वद दिवसांतले मृत्यू यंत्राच्या गटात ४१.५ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३९.५. कार्बन डायऑक्साइड खाली आला. रुग्णाच्या पदरात काही पडले नाही.

मेंदूची गोष्ट वेगळी आणि जास्त कडवी आहे. कार्बन डायऑक्साइड घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, दर मिलिमीटरमागे रक्तपुरवठा साधारण तीनेक टक्क्यांनी उतरतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीतला दाब यामुळे झटक्यात कमी होतो, म्हणून एके काळी अशा प्रत्येकाला जोरजोरात श्वास देत २५ वर ठेवत. १९९१ मध्ये मायझेलार आणि सहकाऱ्यांनी २५ आणि ३५ अशी तुलना केली. सुरुवातीला बऱ्या स्थितीत असलेल्या रुग्णांचे जोराच्या श्वासांनी तीन आणि सहा महिन्यांच्या तपासणीत नुकसानच झालेले दिसले. दाब उतरला होता, पण रक्तही आटले होते. उलट टोकाला, हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेल्यांना किंचित जास्त कार्बन डायऑक्साइड देऊन मेंदूचा रक्तपुरवठा वाढवावा, ही कल्पना २०२३ च्या ‘टेम’ चाचणीने तपासली. १,७०० रुग्ण, ५० ते ५५ विरुद्ध ३५ ते ४५. सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीतले रुग्ण अनुक्रमे ४३.५ आणि ४४.६ टक्के. फरक नाही. नवजात बालकांचे शास्त्र तर याहून निराळे आहे. त्याला स्वतंत्र पुस्तक हवे, म्हणून लेखकांनी त्यात हात घातलेला नाही, हे योग्यच.

आता आपल्याकडचे. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतल्या सीओपीडीकडे, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराकडे, जगाचे लक्ष वेधले. चुलीपुढे आयुष्य गेलेली बाई त्यात आली. ही बाई दरवर्षी थंडीत आपल्या अतिदक्षता विभागात येते, आणि तिच्याबाबतीत ४० चा हट्ट सर्वांत घातक ठरतो. तिचे शरीर वर्षानुवर्षे ५५-६० वर जुळवून घेतलेले, मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट साठवलेले. रात्री दोनला चिठ्ठी येते : पीएच ७.२४, कार्बन डायऑक्साइड ७८. निवासी डॉक्टर श्वासांचा दर १५ वरून ३० करतो. मिनिटाला १५ श्वास असताना एका श्वासाला चार सेकंद मिळत. एक आत घ्यायला, तीन बाहेर सोडायला. ३० वर दोनच सेकंद उरले. एक आत, एक बाहेर. तिच्या अरुंद नळ्यांतून एका सेकंदात हवा निघत नाही. ती आत साठते, छाती फुगते, हृदयाकडे रक्त परतेनासे होते, रक्तदाब पडतो. तासाभराने दुसरी चिठ्ठी येते : ८६. मग दर ३४. अशा वेळी करायचे असते ते उलट, दर उतरवून बाहेर सोडायला वेळ द्यायचा. आणि उतारा पडलाच तर तो तिच्या नेहमीच्या ५५ पर्यंत, तोही सावकाश. एकदम ४० वर आणले की साठलेले बायकार्बोनेट उघडे पडते, रक्त अल्कलीकडे जाते, श्वासाची प्रेरणा मंदावते, आणि व्हेंटिलेटर काढायचा दिवस लांबतो. बहुतेक वेळा नळी न घालता मास्कवर भागते, हे १९९५ च्या ब्रोशार यांच्या चाचणीपासून सर्वमान्य आहे.

दुसरी गोष्ट मोजपट्टीची. किलोमागे सहा मिलिलिटर यातला किलो काट्यावरचा नव्हे, उंचीवरून काढलेला. पाच फूट उंचीच्या स्त्रीचा तो ४५.५ किलो येतो, मग ती काट्यावर ४० भरो की ८०. तिचा श्वास हवा साधारण २७५ मिलिलिटरचा. सवयीने लावलेले ४५० म्हणजे किलोमागे जवळपास दहा, पंचवीस वर्षांपूर्वी मोडीत काढलेली मात्रा. आपल्याकडच्या बायका उंचीने लहान. चूक त्यांच्याच वाट्याला अधिक येते. खाटेवर झोपलेल्या रुग्णाची उंची टेपने मोजायला एक मिनिट पुरते, आणि ती केस पेपरवर लिहिलेली क्वचितच सापडते.

करोनानंतर व्हेंटिलेटर तालुक्याच्या गावांतही पोचले. रक्तवायू तपासणीचे यंत्र सगळीकडे पोचलेले नाही. कुठे नमुना मोटरसायकलवरून दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर कार्बन डायऑक्साइड खोटा कमी येतो, पातळ हेपारिन जास्त झाले तरीही. नमुना बर्फाविना रेंगाळला तर पेशी वायू तयार करत राहतात आणि आकडा चढतो. मोठ्या शहरातल्या संशोधनपर पुस्तकांत हे येत नाही, कारण तिथे यंत्र खाटेपासून दहा पावलांवर असते. प्रस्तुत पुस्तक मराठीत असण्याचे खरे कारण हे आहे. रात्री नमुना काढणारी सिस्टर, यंत्र चालवणारा तंत्रज्ञ आणि पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर यांची बोली एक आहे. चर्चा तिच्यातच होते.

लेखकांनी कोणताही एक आदर्श आकडा दिलेला नाही, आणि तो शोधत हे पुस्तक उघडणाऱ्याची निराशा होईल. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत तीन प्रश्न लावून धरले आहेत : हा वायू का वाढला किंवा घटला, तो आत्ता कोणत्या अवयवाला नडतो आहे, आणि तो बदलायला फुप्फुसाला काय मोजावे लागेल. दम्याच्या तरुणाला ८० चालून जातो, डोक्याला मार लागलेल्या त्याच वयाच्या मुलाला ५५ सुद्धा चालत नाही, हे मग पाठ करावे लागत नाही. ‘पीएच ७.२० पर्यंत चालवून घ्या’ यांसारख्या प्रचलित मर्यादांमागचा पुरावा किती पातळ आहे हेही त्यांनी लपवलेले नाही. बायकार्बोनेट देऊन पीएच सजवण्याच्या रीतीवर त्यांनी जरा जास्तच तोंडसुख घेतले आहे असे मला वाटते. पण मुद्दा त्यांचा आहे आणि पुरावा त्यांच्या बाजूने झुकतो.

शेवटी सरावासाठी चिठ्ठ्या जोडल्या आहेत, प्रत्येकीशेजारी रुग्णाची उंची, श्वासाचे माप, दर आणि प्लेटू दाब. आधी कारण लिहायचे, मग सेटिंग बदलायचे, अशी अट आहे. काही चिठ्ठ्यांत काहीच बदलायचे नाही. दोन चिठ्ठ्या बुडबुड्याच्या आहेत, आणि त्या कोणत्या हे उत्तरांच्या पानावरही छापलेले नाही.